विल्फच्या मगात काय होतं

मी एक जुना कथलाचा मग आहे. मित्रांनो, तुमच्या पुस्तकांत छत्री बोलते, फाटकं दप्तर बोलतं, रस्त्याच्या कडेचा मैलाचा दगडसुद्धा मन मोकळं करून घेतो. बिअरच्या मगाला मात्र कोणी बोलू देत नाही. मुलांसमोर त्याने तोंड उघडू नये असा रिवाज आहे. तो मी आज मोडतो आहे. मोठी माणसं ऐकण्याच्या पलीकडे गेली आहेत, तुम्ही अजून ऐकता.

माझा जन्म इंग्लंडमधल्या शेफील्डचा. कथलात थोडं तांबं मिसळून केलेली एक चकती लेथवर चढवली आणि दाबत दाबत तिला पोट आणलं. मग कान झाळून बसवला. शेवटी काळ्या धुळीपासून कपडे वाचवायला अंगाला तपकिरी कागद गुंडाळलेल्या एका बाईने मला चाकावर धरून असं चमकवलं की तिला माझ्यात तिचंच काळं पडलेलं तोंड दिसलं. ती म्हणाली, "चला, याचं तरी तोंड स्वच्छ आहे." माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक.

काचेच्या ग्लासांबद्दल मी फारसं बरं बोलणार नाही. काच फुटते आणि फुटेपर्यंत पोटातलं सगळं जगाला दाखवत बसते. माझ्या पोटात काय आहे ते फक्त वरून वाकून बघणाऱ्याला कळतं. याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

हॅलिफॅक्सजवळच्या एका लोकर गिरणीत विल्फ ब्रॉडबेंट नावाचा तरुण रंगखान्यात काम करत असे. त्याच्या लग्नात रंगखान्यातल्या सोबत्यांनी मला त्याच्या हातात दिलं. भेट निवडली होती अर्नी टॅटरसॉलने. विल्फच्या शेजारच्या हौदावर तो उभा असायचा, आणि दोघांचे हात कोपरापर्यंत एकाच रंगाचे असायचे, कधी निळे तर कधी विटकरी. अर्नी बोलका, विल्फ घुमा. अर्नी बोलायचा ते विल्फच्या वाटचंही बोलायचा.

भेट म्हणून मिळालेल्या वस्तूंचं जे होतं तेच माझं झालं. विल्फच्या बायकोने, एनिडने, मला फडताळात ठेवलं आणि माझ्यात गुंड्या टाकायला सुरुवात केली. सदऱ्याच्या, कोटाच्या, हेदर नावाच्या मुलीच्या झग्याच्या. हेदर शाळेत गेली, मोठी झाली, लग्न होऊन लीड्सला गेली, आणि मी गुंड्या सांभाळत बसलो. बिअरसाठी जन्माला येऊन गुंड्या पोटात घ्यायच्या, यासारखा अपमान नाही. पुढे गिरणी बंद पडली. मग एनिड गेली. विल्फ स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसू लागला. चहा करायचा आणि प्यायचा विसरायचा. ते बघताना मला माझ्या अपमानाची लाज वाटली.

एका शनिवारी सकाळी अर्नी दार न वाजवता आत आला. त्याच्या गुडघ्याखाली घुंगरांचे पट्टे होते, टोपीवर कागदी फुलं होती आणि खिशातून दोन पांढरे रुमाल लोंबत होते.

"उठ," तो म्हणाला. "आमच्या मॉरिस नाचात एक माणूस कमी आहे."

"मला नाचता येत नाही."

"आम्हाला तरी कुठं येतंय? लोक हसतात, आम्ही पितो, पुढच्या गावाला जातो."

"एनिडला जाऊन अजून वर्ष नाही झालं, अर्नी."

"म्हणूनच तर आलोय. तिनं मला तुझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. आता मी रोज इथं येऊन तुझं थोबाड बघू का? त्यापेक्षा तूच चल."

अर्नीने फडताळ उघडलं, मला उलटं करून सगळ्या गुंड्या टेबलावर ओतल्या आणि माझ्या कानातून विल्फचा कमरपट्टा ओवला. माझं खरं आयुष्य त्या दिवशी सुरू झालं.

मॉरिस हा गावोगावचा जुना इंग्लिश लोकनाच, आणि तो नाचणाऱ्यांचे मग कमरेलाच असतात. पबचा ग्लास घ्यायचा नाही, आपला मग पुढे करायचा. मी विल्फच्या मांडीवर आपटत बसमधून गावं हिंडलो. हेब्डन ब्रिज, टॉडमॉर्डन, स्किप्टन, ओटली, होमफर्थ. पबसमोरच्या फरशीवर नाच व्हायचा, रुमाल उडायचे, काठ्या एकमेकींवर खणखणायच्या. आम्ही मगमंडळी तेवढा वेळ भिंतीच्या कठड्यावर ओळीने बसून बघायचो. नाच संपला की पबचा मालक बिअरने भरलेला भला मोठा जग बाहेर पाठवायचा. तो जग हातोहात फिरायचा आणि ज्याचा मग रिकामा दिसेल त्याच्यात ओतला जायचा. विचारायची पद्धत नव्हती. रिकामा मग म्हणजेच मागणं.

मित्रांनो, खोटं कशाला सांगू, ते दिवस सुखाचे होते. कुठल्या गावची बिअर कडू, कुठली काळी आणि दाट, कुठली फुलांच्या वासाची, हे मला आतून कळायचं. विल्फ परत हसायला लागला होता. अर्नी प्रत्येक पबात नव्या माणसाला सांगायचा, "हा माझा दोस्त. तीस वर्षं तोंड उघडलं नाही, आणि आता फक्त पिण्यासाठी उघडतो." सगळे हसायचे, विल्फ सगळ्यांत जास्त. पण शनिवारची बिअर हळूहळू रविवारी येऊ लागली, मग बुधवारी, मग रोज. ती घरची बिअर तो एकटा प्यायचा, आणि ती मला कधीच आवडली नाही. त्याच्या तोंडाची चव मला कळत होती आणि ती बिघडत चालली होती.

मग त्याचे डोळे पिवळे झाले. हेदर लीड्सहून आली आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेली. परत आल्यावर दोघं स्वयंपाकघरात बसली. तिने अंगातला कोटसुद्धा काढला नव्हता.

"डॉक्टर काय म्हणाल्या ते मला परत सांग," ती म्हणाली.

"तू होतीस की तिथं."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय, डॅड."

"लिव्हर गेलंय. दुसऱ्याचं मिळालं तर वाचेन. रांगेत नाव घातलंय."

"आणि?"

"आणि एक थेंब नाही. कधीही बोलावून तपासतील. सापडलं तर रांगेतून बाहेर."

"आता नाचायला जाणं बंद कर."

"मग रांगेत उभा तरी कशासाठी राहू?" विल्फ म्हणाला.

हेदरने डोळे पुसले आणि म्हणाली, "निदान नाचाच्या मंडळींना सांग तरी." त्याने मान डोलावली, पण सांगितलं नाही. त्याचं कारण लेनर्ड. लेनर्ड त्यांच्यातलाच, उत्तम नाचणारा. त्याने एकदा जाहीर करून दारू सोडली होती. त्याला कोणी चिडवलं नाही, हेच वाईट झालं. सगळे त्याच्याशी अदबीने वागू लागले. "तुला काय आणू, लेनर्ड? तुला इथं बसायला चालेल ना?" विनोद करण्याआधी त्याच्याकडे बघू लागले. उन्हाळा संपायच्या आत लेनर्ड यायचा बंद झाला, आणि त्याला कोणी घालवलं असं कोणालाही वाटलं नाही. विल्फला मरणाची भीती होतीच. पण त्या अदबीची भीती त्याहून जवळची होती.

तेव्हा मी त्याच्या कामाला आलो. बस थांबली की विल्फ सगळ्यांच्या आधी आत जायचा आणि मला काउंटरवर ठेवायचा. टॉडमॉर्डनच्या पबची मालकीण बेरिल त्याला ओळखत होती. तिच्याशी तो पहिल्यांदा हे बोलला तेव्हा त्याचा आवाज इतका खाली होता की तिला काउंटरवरून वाकावं लागलं.

"जिंजर बिअर भर. फेस दिसू दे."

नाव बिअर असलं तरी ते आल्याचं गोड पेय. त्यात दारूचा थेंब नसतो.

"तू? जिंजर बिअर? बरं आहे ना, राजा?"

"बरा होण्याच्या नादात आहे. बाहेर बोलू नकोस."

बेरिलने त्याच्या डोळ्यांकडे एकदा नीट बघितलं. "मी पब चालवते, विल्फ. चर्चमधल्या पाद्र्यापेक्षा जास्त गोष्टी पोटात ठेवते," ती म्हणाली आणि मला काठोकाठ भरून चमच्याने घुसळून वर फेस आणून दिला.

प्रत्येक गावी असंच चाललं. जग फिरू लागला की विल्फ मला छातीशी धरून भरलेला दाखवायचा, आणि जग पुढे जायचा. जग परत फिरायच्या आत तो घाईने आत जाऊन मला पुन्हा भरून आणायचा. तो पूर्वीसारखाच हसत होता, बसमध्ये पूर्वीसारखाच बेसूर गात होता. लवकर दमायचा, पण साठीला आलेला माणूस दमतोच, असं सगळ्यांनी धरून घेतलं. घरी हेदरचा फोन आला की तो सांगायचा, "आजपण कोरडा." ती फोनवर रडायची ते मलासुद्धा ऐकू यायचं. डॉक्टर खूश होत्या. रांग पुढे सरकत होती. त्या महिन्यांत माझ्याइतका मोलाचा मग साऱ्या यॉर्कशरमध्ये नव्हता, असं मला वाटे.

मग त्याचा साठावा वाढदिवस आला. त्या शनिवारी आम्ही ओटलीला होतो, बाजाराच्या चौकात, भर दुपारी. ज्याचा वाढदिवस त्याने एकट्याने नाचायचं आणि नाच संपल्यावर आपला मग एका दमात रिकामा करायचा, असा त्यांच्यात पायंडा होता. विल्फने मला आधीच आल्याच्या पेयाने भरून कठड्यावर ठेवलं, रुमाल हातात घेतले आणि चौकाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. हातबाजा, म्हणजे दोन्ही हातांनी भात्यासारखी ओढायची पेटी, वाजू लागला.

तो फार सुंदर नाचला. अंगात ताकद नव्हती, म्हणून उड्या कमी होत्या, पण रुमाल असे सावकाश वर जात होते की चौकातली पोरंसुद्धा गप्प झाली. मी बघत होतो, आणि माझ्या शेजारी अर्नी येऊन उभा राहिला. मित्राकडे बघताना त्याचे डोळे भरून आले होते, हे मी शपथेवर सांगतो. त्याने एक घोट घ्यावा म्हणून मला उचललं, कारण त्यांच्यात तुझं-माझं नव्हतं. घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अरेरे," तो हातबाजावाल्याच्या बायकोला म्हणाला. "साठीच्या दिवशी आल्याचं सरबत. लेकीनं धाक घातलेला दिसतोय याला."

"असू दे की."

"असू दे कसं? आज माणूस साठ वर्षांचा झालाय. त्याला असं कोरडं ठेवू मी? एनिड मला काय म्हणेल?"

तो आत गेला. आला तेव्हा त्याच्या हातात व्होडकाचा छोटा ग्लास होता. व्होडकाला वास नसतो, आणि आल्याच्या तिखटपणात तिची चवही बुडते. अर्नीने तो माझ्यात ओतला आणि ढवळायला बोट घातलं. मित्रांनो, धातूला किंकाळी नसते. मी कठड्यावरून खाली पडलो असतो तर बरं झालं असतं. पण माझं बूड सपाट आणि जड आहे, मला तसंच घडवलेलं आहे.

नाच संपला. टाळ्या झाल्या. विल्फ धापा टाकत आला, मला उचललं आणि सगळे ताल धरून ओरडत असताना पायंड्याप्रमाणे एका दमात प्यायला. चाळीस वर्षं प्यायलेल्या माणसाला छातीतली ती ऊब ओळखता येते. त्याने मला खाली केलं आणि अर्नीकडे बघितलं. अर्नी डोळा मारून हसत होता. तो एवढा खूश होता की त्याच्याकडे बघून कोणालाही हसू आलं असतं.

"काय गड्या," अर्नी म्हणाला, "आता वाटतंय का साठ झाल्यासारखं?"

विल्फ हसला. "वाटतंय," तो म्हणाला, आणि अर्नीच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. मला त्याने इतकं घट्ट धरलं होतं की त्याची बोटं पांढरी पडली होती.

सोमवारी दवाखान्यातून फोन आला, तपासायला या म्हणून, आणि तपासणीत शनिवारची दारू सापडली. त्यानंतरच्या आठवड्यात विल्फ आणि हेदर पुन्हा स्वयंपाकघरात बसली होती.

"मी डॉक्टरांना सांगितलं," विल्फ म्हणाला. "मित्रानं गमतीनं ओतलं म्हणून. तर त्या म्हणाल्या, आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या ग्लासात कोणीतरी दुसऱ्यानंच ओतलेलं असतं. रागावून नाही म्हणाल्या. दमल्यासारख्या म्हणाल्या."

"आपण अर्नी अंकलना घेऊन जाऊ. ते स्वतः सांगतील. मग तरी विश्वास बसेल."

"नाही."

"डॅड, सहा महिने पुन्हा कोरडं राहून मग रांगेच्या शेवटी उभं राहायचं. तेवढा वेळ आहे का तुझ्याकडे?"

"अर्नीला तिथं नेऊन काय सांगायला लावू? की मी माझ्या दोस्ताला मारलं?"

"तू अजून मेलेला नाहीस."

"मग तोवर त्याला कशाला मारायचं?" विल्फ म्हणाला. "हेदर, तुझी आई गेल्यावर मला या खुर्चीवरून त्यानं उठवलं. तू त्याला हे कधी सांगणार नाहीस. मला वचन दे."

तिने दिलं. द्यायला नको होतं असं मला वाटतं. अर्नी ओरडून रडला असता, पण डॉक्टरांच्या पाया पडून त्याने विल्फला परत रांगेत उभं केलं असतं, निदान तसा प्रयत्न तरी केला असता. विल्फने मित्राला वाचवलं आणि स्वतःला वाचवायचं राहून गेलं. याला मोठेपणा म्हणायचं की मूर्खपणा, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मला त्याचा राग येतो आणि त्याची आठवणही येते.

त्याने पुन्हा एक थेंबही घेतला नाही. शरीर मात्र थांबलं नाही. पोट फुगलं, पाय सुजले, नाच सुटला. अर्नी दर रविवारी यायचा, कुठल्या गावी काय झालं ते सांगायचा आणि विल्फला हसवून जायचा. लिव्हर बिघडलंय एवढंच त्याला माहीत होतं. "आपलं सगळ्यांचंच जाणार आहे, लेका, तुझं पुढच्या बसनं निघालंय," असं तो म्हणायचा, आणि दाराबाहेर जाऊन नाक शिंकरायचा. नवी सहा महिन्यांची मुदत पुरी व्हायच्या आत, बर्फ पडू लागलं तेव्हा, विल्फ गेला.

अंत्यविधीच्या दिवशी चर्चबाहेर मंडळी नाचली. एक जागा रिकामी ठेवून नाचली. मग सगळे पबात आले, आणि विल्फने सांगून ठेवल्याप्रमाणे हेदरने मला अर्नीच्या हातात दिलं. मग त्याने तिला सांगायला सुरुवात केली, कारण दुःखात तो बोलतोच.

"तुला ठाऊक नाही, पोरी, तुझा बाप त्या ओटलीच्या दिवशी काय खूश होता. मगात काय घेऊन बसला होता, माहितीये? आल्याचं सरबत. म्हटलं, चालायचं नाही. गुपचूप एक व्होडका ओतली. एका दमात प्यायला आणि माझ्या खांद्याला धरून हसला. त्याचा शेवटचा चांगला दिवस तो. मी दिला त्याला, एवढं तरी समाधान आहे."

हेदरच्या हातात सँडविचची बशी होती. ती तिने जपून टेबलावर ठेवली.

"हो, अंकल," ती म्हणाली. "डॅड घरी आल्यावर म्हणाले होते, अर्नीनं आज मजा आणली म्हणून."

अर्नीने तिला जवळ घेतलं आणि तो हुंदके देऊन रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचे डोळे कोरडे होते आणि ती माझ्याकडे बघत होती. त्या खोलीत खरं काय ते तिला आणि मलाच ठाऊक होतं, आणि दोघांनाही बोलता येत नव्हतं.

आता मी अर्नीच्या पट्ट्याला असतो. त्याने मला कधी मळू दिलं नाही. प्रत्येक गावी तो मला उत्तम बिअरने भरतो, विल्फच्या नावाने वर उचलतो आणि ओटलीची गोष्ट सांगतो. ती आता फार रंगवून सांगतो. लोक पोट धरून हसतात.

आज आम्ही स्किप्टनला आहोत. कॉलिन नावाचा एक चाळिशीचा माणूस या वर्षी नव्याने नाचायला आला आहे. जग फिरत त्याच्यापर्यंत आला तेव्हा त्याने मगावर तळहात ठेवला. "मला आज नको," तो म्हणाला. "पाणी चालेल."

"पाणी?" अर्नी प्रेमाने म्हणाला. "माझा एक दोस्त होता, विल्फ. तोही असाच. ऐक, तुला त्याची गंमत सांगतो." आणि त्याने सांगितली. सगळे हसले. कॉलिनही ओशाळून हसला, आणि त्याचा तळहात बाजूला झाला.

कॉलिन का नको म्हणाला ते मला माहीत नाही. कदाचित काहीच कारण नसेल. पण अर्नीलाही ते माहीत नाही, आणि त्याने जग वाकवला आहे. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, मित्रांबरोबर गावं हिंडाल, तेव्हा कोणी नको म्हणाला तर त्याला कारण विचारू नका, त्याला आग्रह करू नका, आणि त्याच्याशी अदबीनेही वागू नका. त्याला तुमच्या शेजारी पूर्वीसारखं बसू द्या, पूर्वीसारखं चिडवा, आणि त्याच्या मगात काय आहे ते त्याचं त्याच्यापाशी राहू द्या.